काजळकोट आणि आमचे साडूभाऊ

भुताखेतांच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंइतका प्रामाणिक माणूस सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. भुतांविषयी बोलताना लोक सर्रास खोटं बोलतात आणि ऐकणारेही ते सोडून देतात. साडूभाऊ सोडत नसत. वाईला एका लग्नाच्या पंगतीत वधूपक्षाकडच्या एका गृहस्थांनी खंबाटकीच्या घाटात आपल्या गाडीला पांढऱ्या साडीतली बाई आडवी आल्याची हकिगत सुरू केली. आजूबाजूचे सगळे हातातला घास हातात धरून ऐकत होते. साडूभाऊंनी जिलबी ताटाच्या कडेला सरकवली आणि शांतपणे विचारलं, "साडी नऊवारी होती की पाचवारी?" गृहस्थ म्हणाले, तेवढं लक्षात नाही. मग गाडीचे दिवे चालू होते का, चालू असतील तर तिची सावली कुठल्या बाजूला पडली, ती बाजूला झाली तेव्हा खडीचा आवाज आला का, असं एकेक विचारत मठ्ठा येईपर्यंत त्यांनी त्या गृहस्थांकडून कबूल करून घेतलं की बाई आपल्याला नव्हे, आपल्या मेव्हण्याच्या ड्रायव्हरला दिसली होती. साडूभाऊंनी जिलबी पुन्हा जवळ ओढली आणि मला म्हणाले, "जो भीतीत भेसळ करतो, तो हळदीत का नाही करणार?"

हळद हा त्यांचा धंदा. सांगलीच्या बाजारात त्यांची अडत होती. बोटांची टोकं कायमची पिवळी, सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या, आणि ताईंच्या म्हणण्याप्रमाणे उशीचे अभ्रेसुद्धा पिवळे. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. साडूभाऊ माल डोळ्यांनी बघत नसत, कानांनी बघत. हळकुंड उचलायचं, कानाजवळ नेऊन मोडायचं आणि त्या 'कट्'वरून ते कुठल्या गावचं, किती वाळलेलं, पावसात भिजलेलं की न भिजलेलं हे सांगायचं. माणसांचीही पारख ते अशीच करत. मुलगी बघायला हुबळीचे पाहुणे आले, तेव्हा मुलाचं शिक्षण, घर, शेती यांतलं काही न विचारता ते डोळे मिटून त्याचं बोलणं ऐकत बसले होते. शेवटी म्हणाले, "आवाज कोरडा आहे. देऊया." मुलगी तिथे सुखात नांदते आहे.

या सगळ्याचं मूळ 'काजळकोट' नावाच्या कादंबरीमालेत होतं. सहा जाड भाग. साडूभाऊंनी ते शाळेत असताना वाचनालयातून आणून वाचले, मोठेपणी विकत घेतले, आणि मग आयुष्यभर दुसरं काही वाचलं नाही. कुठली पानं त्यांची आवडती, हे पुस्तक न उघडता कळायचं. त्या पानांच्या कडा अंगठ्याने पिवळ्या झालेल्या होत्या. काजळकोट हे डोंगरातलं एक गाव. गावाच्या मधोमध एक विवर. तिन्हीसांजेला त्या विवरातून हाक येते. हाक मारणारीला पुस्तकात नाव नाही, रूप नाही, तिचं वर्णन म्हणून एक ओळसुद्धा नाही. ती फक्त आवाज काढते, आणि तोही तुमच्या गेलेल्या माणसाचा. तुम्ही 'ओ' दिलीत की संपलं. तुम्ही नाहीसे होता आणि गाव तुम्हाला विसरतं. मागे एवढंच राहतं, की तुमच्या घरात रोज एक ताट जास्त वाढलं जातं आणि ते कुणासाठी, हे वाढणारीला आठवत नाही. ही ताटाची गोष्ट साडूभाऊंनी मला पहिल्यांदा सांगितली ती भर दुपारी, बाजारात, पोत्यांच्या थप्पीला टेकून, चहा पिताना. त्या दिवशी घरी जाऊन मी उगाचच ताटं मोजली होती.

या पुस्तकांमुळे साडूभाऊंना एक सवय जडली होती. दिवेलागणीला बाहेरून कुणी हाक मारली, तर हाक मारणाऱ्याने आपलं नाव, गाव आणि काम सांगेपर्यंत ते 'ओ' देत नसत. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस फाटकाशी उभा राहून शाळेत कविता म्हणावी तसं सगळं म्हणायचा, मग दार उघडायचं. ताई मात्र स्वयंपाकघरातून नुसतं "अहो" म्हणायच्या. त्याला ते लगेच उत्तर द्यायचे. मी एकदा विचारलं, ही सूट का? तर म्हणाले, "अहो, ती जिवंत आहे ना."

नव्वदीच्या मधल्या वर्षांत माझी साताऱ्याहून सांगलीला बदली झाली आणि आम्ही साडूभाऊंच्या शेजारच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं. त्याच सुमारास 'काजळकोट'वर मालिका येणार अशी बातमी आली. साडूभाऊ आनंदले. रंगीत टीव्ही घेतला. पहिल्या रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, मांडीवर पहिला भाग उघडून ते खुर्चीत बसले. निम्मी गल्ली सतरंजीवर. पाटी पडली, ढोल वाजले, आणि पांढऱ्या घोड्यावरून एक धिप्पाड राजपुत्र दौडत आला. साडूभाऊंनी पुस्तकाचं पान मागे उलटलं, पुढे उलटलं. "हा कोण?" त्यांनी विचारलं. पुस्तकातला नायक गावच्या धान्यकोठारावरचा कोठावळा आहे. किडकिडीत, तोतरा, आणि इतका भित्रा की उंदीर दिसला तर पोत्यावर चढून बसणारा. तो तोतरा आहे म्हणूनच वाचतो; 'ओ' त्याच्या तोंडून वेळेवर बाहेरच पडत नाही. सगळी गोष्ट त्या तोतरेपणावर उभी. आणि टीव्हीवरचा राजपुत्र तर एका दमात पाच वाक्यं बोलत होता.

पुढच्या रविवारी 'ती' आली. हिरवा धूर, लांब नखं, कपाळभर कुंकू आणि दऱ्याखोऱ्यांत घुमणारं हसू. बायकांनी लेकरांचे डोळे झाकले. साडूभाऊंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "या बाईला कोण भिणार?" ते म्हणाले. "मला तर तिची नखं कापून द्यावीशी वाटतात." ताई म्हणाल्या, "तो धूर बघून मला ओल्या लाकडांची चूल आठवते." तेव्हापासून दर रविवारी हा कार्यक्रम ठरला. पडद्यावर मालिका चालायची आणि खुर्चीतून साडूभाऊ पुस्तकात काय आहे ते सांगायचे. तेच वटवाघूळ पुन:पुन्हा डावीकडून येतं, गडाच्या मागे विजेचा खांब दिसतो, विवरात उतरलेल्या माणसाच्या पायाला चिखल नाही, एकही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नसे. लोक आधी वैतागले. मग हळूहळू लक्षात आलं की मंडळी त्यांच्यासाठीच येतायत.

एका रविवारी ऐन वेळी वीज गेली. मंडळी हळहळली. खिडक्यांना पडदे होते, बाहेर आभाळ भरून आलेलं, खोलीत सकाळी दहालाही अंधारच होता. साडूभाऊंनी खिडकीशी सरकून दुसऱ्या भागातलं, त्या दिवशी टीव्हीवर येणार होतं तेच प्रकरण वाचायला सुरुवात केली. नाटकी आवाज नाही, काही नाही. बाजारात वजनं वाचून दाखवावीत तसं सपाट वाचणं. कोठावळ्याची मेलेली आई त्याला कोठाराच्या दाराबाहेरून सांगते आहे, अरे, बाहेर गार आहे, मला आत घे. बस्स. ती दिसत नाही, दार वाजवत नाही, रागावत नाही. फक्त तिला गार वाजतंय. वाचन चालू असताना वीज आली. पंखा फिरू लागला, पण टीव्ही लावा असं कुणीही म्हणालं नाही. शेजारचे सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले आणि मूळचे तासगावकडचे, ते भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "टीव्हीतली दिसती, म्हणून भ्या वाटत न्हाई. ही दिसतच न्हाई. मानसानं बघावं तरी कुठं?"

साडूभाऊंना आयुष्यात इतकी मोठी दाद कुणी दिली नव्हती. त्यांची आणि सुभेदारांची तेव्हापासून गट्टी जमली, आणि गट्टीतूनच तो वाद निघाला. पुस्तकात म्हटलंय की विवरातला आवाज घुमत नाही. कानाशी कुणी बोलावं तसा येतो. टीव्हीवर तो घुमत होता. सुभेदारांचं म्हणणं, एवढ्या एका बाबतीत टीव्हीचं बरोबर असावं. "आवं, हिरीत वरडून बघा. घुमतंयच की."

"विहीर निराळी," साडूभाऊ म्हणाले. "विवर म्हणजे पेव. आमच्या पेवात चला, दाखवतो."

हळद साठवायची पेवं सांगलीजवळ हरिपुरात पूर्वापार आहेत. नदीकाठच्या घट्ट मातीत खोल खणलेली. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं अरुंद, आणि आत रांजणासारखा फुगत गेलेला मोठा खड्डा. तोंड बंद केलं की आत हवा कोंडते, आणि ती कोंडलेली हवा माणूस मारते. त्यामुळे पेव उघडून ठेवतात आणि आधी कंदील सोडतात. कंदील विझला तर कुणी उतरत नाही. साडूभाऊंचं एक पेव तेव्हा रिकामं होतं. त्यांनी ते आदल्या दिवशीच उघडून ठेवलं, आणि पुढच्या रविवारी मालिका संपल्यावर, जेवणं-झोपा आटोपून, आम्ही तिघं निघालो. निघताना ताई त्यांना म्हणाल्या, "खाली जाताना सदरा काढून ठेवा. मागचे डाग अजून निघालेले नाहीत."

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. माणसं नव्हती. नदी संथ, आणि पलीकडच्या काठावर धुकं धरू लागलेलं. कंदील दोराने खाली गेला आणि तसाच जळत वर आला. साडूभाऊंनी सदरा काढून घडी घालून दगडावर ठेवला, तिसरा भाग कमरेला खोचला, झाडाला बांधलेला दोर धरला आणि सांगितलं, "मी खाली तिचं वाक्य वाचतो. तुम्ही तोंडाशी कान लावून ऐका." मग त्यांचं पिवळट, गोल, समाधानी डोकं त्या भोकात दिसेनासं झालं. पाठोपाठ कंदीलही पुन्हा खाली गेला.

मी एका बाजूला पालथा झालो, सुभेदार दुसऱ्या बाजूला. आतून उबदार वास येत होता, जुन्या हळदीचा, किंचित औषधी. मी ऐकत राहिलो. काही नाही. स्वतःच्या कानातली धडधड तेवढी. आणि मग, अगदी कानाशी, कुणीतरी हलकेच म्हणालं, "आलास का रं बाब्या?"

माझे वडील मेढ्याला असत. एसटीतून उतरून मी घराशी पोचलो की ओट्यावरून ते हेच विचारत आणि माझ्या हातातली पिशवी घेत. बाब्या म्हणणारं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. माझ्या बायकोलाही ते नाव ठाऊक नव्हतं. ते जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आवाज घुमला नाही. खोलवरून आला नाही. माझ्या आणि जमिनीच्या मध्ये जेवढी जागा होती, तेवढ्यातच तो होता. मला भीती वाटली असं मी म्हणणार नाही. मला बरं वाटलं. तोंड आपोआप उघडलं, 'ओ' ओठांवर आली, आणि तेवढ्यात माझी नजर समोर गेली. सुभेदारांनी स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं होतं. डोळे माझ्यावर लावलेले, आणि ते नकारार्थी मान हलवत होते. मी ओठ मिटले.

दोर हलला. आम्ही दोघांनी मिळून साडूभाऊंना वर घेतलं. ते धुळीने माखलेले होते आणि चिडलेले होते. "अहो, कान लावून बसलात ना? ओरडून ओरडून घसा बसला माझा. चष्मा टाका, चष्मा टाका. चष्मा सदऱ्याच्या खिशात राहिला, एक अक्षर वाचता येईना." त्यांचा आवाज खरोखरच बसला होता. आणि आम्हाला त्यातलं काहीएक ऐकू आलं नव्हतं.

मग आम्ही सांगितलं. आधी मी, नंतर सुभेदारांनी. त्यांना त्यांच्या फौजेतल्या जोडीदाराने हाक मारली होती, एका चौकीवर बर्फाखाली राहिलेल्या. "नाव घेऊन म्हनला, चल, बदलीची येळ झाली," सुभेदार म्हणाले. साडूभाऊंनी आमची उलटतपासणी सुरू केली, वाईच्या पंगतीत केली होती तशीच. शब्द नेमके काय होते, कुठल्या कानाशी, आवाज तरुणपणचा की म्हातारपणचा, श्वास ऐकू आला का. आम्ही अडखळलो नाही. हळूहळू त्यांचे प्रश्न संपले. ते दगडावर बसले, सदरा अंगात घातला, चष्मा लावला. "म्हणजे खरं आहे," ते म्हणाले. मग नदीकडे बघत हळूच म्हणाले, "पण मी तर आत होतो. मला काहीच नाही ऐकू आलं."

हे त्यांना फार लागलं. नंतर ते कित्येक संध्याकाळी एकटे जाऊन पेवाच्या तोंडाशी कान लावून आले. काही नाही. बाजारात हळकुंड मोडतानाही त्यांचं लक्ष उडालेलं दिसे. शेवटी सुभेदारांनीच त्यांना समजावलं. "तुमचं आईवडील खनखनीत, वैनी हाय, पोरगी हाय. समदी जागच्या जागी हायती. तिकडं तुमचं कुनी न्हाईच, तर हाक मारनार कोन? नशीब म्हना." साडूभाऊंनी मान डोलावली. त्यांना ते पटलंही. पण चेहरा मात्र असा, जणू गावात घरोघर लग्नाची आमंत्रणं पोचली आणि यांचं एक घर राहून गेलं.

मालिका पुढे वर्षभर चालली आणि एका रविवारी संपली. शेवटी राजपुत्राने विवरात तलवार फेकली, हिरव्या धुरातली 'ती' किंचाळली, जळाली, गडाचा बुरूज कोसळला, आणि नाहीशी झालेली सगळी माणसं फुलांच्या माळा घालून परत आली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. पुस्तकात असलं काही नाही. सहाव्या भागाच्या शेवटी कोठावळा दिवा घेऊन विवराच्या काठाशी बसतो, आईची हाक ऐकतो आणि 'ओ' देत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसतो. एवढंच. मला वाटलं, आता साडूभाऊंचा संताप बघवणार नाही. पण त्यांनी पुस्तक मिटलं आणि आमच्या दोघांकडे पाहिलं. सुभेदार म्हणाले, "खोटं हाय." मीही म्हणालो, "साफ खोटं." साडूभाऊ इतके खूश झाले की त्यांनी ताईंना सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकायला सांगितला, आणि ताईंनी तो कुरकुरत टाकला.

त्यानंतर माझी बदली पुन्हा साताऱ्याला झाली. येणंजाणं सणावारापुरतं राहिलं. आणि दोन पावसाळे गेल्यावर ताई अचानक गेल्या. सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. ताई अशा सगळ्यांच्या आधी जातील, हे कुणाच्याच मनात आलेलं नव्हतं; जुन्या घरी राहणारे साडूभाऊंचे आईवडील तर तेव्हाही काठी टेकत बाजारापर्यंत येत होते.

वर्षश्राद्ध झाल्यावर पुढच्या महिन्यात मी एकटाच त्यांना भेटायला सांगलीला गेलो. वाटेत सुभेदार भेटले. मी विचारलं, साडूभाऊ हरिपूरला जातात का? ते म्हणाले, "न्हाई. नदीकडं पाऊलसुदिक टाकत न्हाईत." मला नवल वाटलं. ते रोज जात असतील, असं मी तर गृहीतच धरलं होतं.

घराशी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आतून टीव्हीचा मोठा आवाज येत होता. साडूभाऊ खुर्चीत बसून कुठलीशी घरगुती मालिका बघत होते. त्यात तीन सुना होत्या आणि एक हरवलेला हार होता. मी बसलो. त्यांनी मला सुना समजावून दिल्या, धाकटी कशी चांगली आणि मधली कशी कावेबाज, अगदी मन लावून. मग जाहिराती लागल्या तेव्हा मी धीर करून विचारलं, "पेवाकडे गेला नाहीत नंतर?"

"नाही," ते म्हणाले. त्यांनी आवाज कमी केला नाही. "तिथून येईल ती हाक तिची नसणार, हे मला माहीत आहे. सहाच्या सहा भागांत लिहिलेलं आहे. पण आवाज तिचाच असेल ना, साडूभाऊ. ती नुसतं 'अहो' म्हणेल." ते पडद्याकडे बघत राहिले. "त्या कोठावळ्याच्या जिभेला तोतरेपण होतं. माझ्या नाही. मी ओ देईन."

काजळकोटचे भाग फडताळात दिसत होते. कडा अजून पिवळ्याच होत्या. थोड्या वेळाने ते म्हणाले, "दिवस मावळताना हे लावून ठेवतो. बरं असतं. सारखं कुणीतरी बोलत राहतं."

जाहिराती संपल्या. त्यांनी मला खूण केली आणि आम्ही दोघं पुन्हा बघू लागलो. मधल्या सुनेने हार देव्हाऱ्यामागे लपवला होता. साडूभाऊ पुढे वाकले आणि म्हणाले, "आता बघा, धाकटीवर आळ येणार." बाहेर अंधार पडला तसा मी उठून घरातले सगळे दिवे लावले. स्वयंपाकघरातलाही लावला आणि परत येऊन त्यांच्याजवळ बसलो.